विषय सोडून बोलणारे

सभेत कोणी रंगात येऊन बोलू लागला की व्यासपीठावरून हमखास चिठ्ठी सरकते, ‘विषयाला धरून बोलावे.’ मराठी गद्याला ही चिठ्ठी गेली कित्येक वर्षे रोज येते आहे आणि आपले लिहिणारे ती निमूटपणे मानू लागले आहेत. म्हणून या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या आवडीचा आढावा लिहा’ म्हटल्याबरोबर मी ठरवून टाकले, की एका विषयाला न बांधून घेतलेल्या लेखनाचाच आढावा घ्यायचा. आज पावसावर, पुढच्या रविवारी गावातल्या भाऊबंदकीवर, मग एखाद्या पुस्तकावर, मग दाढदुखीवर लिहिणारी ही मंडळी. ग्रंथालयात यांची पुस्तके ‘संकीर्ण’ नावाच्या शेवटच्या कपाटात असतात आणि ते कपाट बहुधा जिन्याखाली असते.

आढावाकार तटस्थ असतो यावर माझा विश्वास नाही, तेव्हा माझे म्हणणे आधीच सांगतो. मराठी गद्याची मुख्य वाट हीच आहे. एकेका विषयाची सदरे ही वृत्तपत्रांनी पुढे केलेली सोय आहे. दुसरे म्हणणे असे, की या वाटेवरचा मराठवाड्याचा टप्पा आमच्या वाङ्मयेतिहासकारांनी झोपेत ओलांडला. एका विद्वानांच्या ग्रंथात ललित गद्यावर भले मोठे प्रकरण आहे आणि त्यात गोदावरीच्या अलीकडच्यांसाठी एक तळटीप आहे. तळटिपेतही एक नाव चुकले आहे.

हेच विद्वान आणि त्यांचे शिष्य आणखी एक गोष्ट पोथीसारखी सांगत असतात, की असे स्वैर लिहिणे आपल्याकडे इंग्रजी निबंधावरून आले. मॉन्टेनपासून वंशावळ सुरू करायची, लँबवरून खाली उतरायचे आणि लघुनिबंधकार फडक्यांच्या दारात आणून सोडायचे. आता फडक्यांपुरते ते खरेही असेल. पण मी वेरूळला राहतो, आणि वेरूळला राहणाऱ्याला ही वंशावळ पटणे कठीण आहे. कैलास लेण्याचे म्हणत नाही मी. वेरूळच्या माणसाने लेख लिहिला की त्यात कैलास यायचाच, अशी संपादकांची खात्री असते, म्हणून तो जरा लांबच ठेवतो. मी म्हणतो आहे ते लीळाचरित्राविषयी.

चक्रधरस्वामींचा वेरुळात, म्हणजे तेव्हाच्या एलापुरात, चांगला मुक्काम होता, तोही लेण्यांच्या परिसरातच. त्यांच्यामागे म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस ज्याला त्याला विचारून आठवणी गोळा केल्या. एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध असे भाग पाडले खरे, पण आत पाहावे तर काय नाही? कोणाच्या घरी काय जेवण झाले, पाऊस कसा आला, शिकाऱ्यांपासून ससा कसा वाचला, शिष्या बाइसा कशावरून रुसल्या. त्यांनी काहीतरी विचारायचे, स्वामींनी उत्तर द्यायचे, आणि त्या उत्तरात कधी ब्रह्मविद्या तर कधी नुसती थट्टा. एका लीळेचा पुढच्या लीळेशी संबंध असेलच असे नाही. प्रत्येक चार-सहा ओळींची, कधी पानभर, आणि आपापल्या जागी पुरी. सगळ्यांना बांधणारा धागा म्हणजे एक माणूस आणि त्याला पाहणाऱ्यांची नजर.

ही धर्मश्रद्धेतून केलेली नोंद आहे, ललित निबंध नव्हे, हे मलाही कळते. एका परिसंवादात मला ते दोनदा समजावूनही सांगण्यात आले. पण मराठी गद्य पहिल्यांदा भरभरून बोलू लागले तेव्हा ते असे बोलले, विषय सोडून. पुढे हा ग्रंथ महानुभाव पंथाच्या सांकेतिक लिपीत शतकानुशतके मिटून राहिला. विसाव्या शतकात आधी नागपूरच्या ह. ना. नेन्यांनी आणि नंतर 1978मध्ये वि. भि. कोलत्यांनी तो छापून हाती दिला. म्हणजे फडक्यांनी तो वाचून गुजगोष्टी लिहिल्या असे कोणी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की ही खोड मराठीत आधीपासून होती आणि ती तोंडी वाहत राहिली. जात्यावरची बाई बघा. पहिली ओवी विठ्ठलाला, दुसरी भावाला, तिसरीत सासूचा उद्धार, चौथीत पाऊस. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांची विषयवार वर्गवारी झाली तेव्हा अभ्यासकांची सोय झाली. दळताना कोणी वर्गवारीने गात नव्हते.

एकोणिसावे शतक सगळ्यांना पाठ आहे, तेव्हा भराभर जातो. लोकहितवादींनी 1848 ते 1850 या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये एकशे आठ पत्रे लिहिली. त्यांत स्त्रियांची स्थिती आहे, व्यापार आहे, भटजी आहेत, राज्यकारभार आहे, ग्रंथालये आहेत. पंचविशीतला एक सरकारी नोकर दर आठवड्याला जे खुपेल त्यावर लिहितो आणि पुढे त्यालाच आपण ‘शतपत्रे’ नावाचा ग्रंथ म्हणतो. विष्णुशास्त्र्यांची निबंधमाला 1874पासून चौऱ्याऐंशी अंक चालली, जवळजवळ एकहाती. भाषेची स्थिती, इतिहास, लोकभ्रम, गर्व, वक्तृत्व, डॉक्टर जॉन्सन आणि शेवटी देशाची स्थिती. आज एखाद्याने अशी यादी घेऊन संपादकाकडे जावे. 1867मध्ये सुरू झालेल्या मासिकाचे तर नावच ‘विविधज्ञानविस्तार’. आणि ज्या दिवाळी अंकाच्या परंपरेत हा लेख छापला जातो आहे, तिचा पहिला मान का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’कडे, साल 1909. तोही विविधतेचाच फराळ होता. सगळ्या पानांवर एकच ‘थीम’ पसरायची कल्पना त्या पिढीला सुचली नाही हे आपले भाग्य.

मग लघुनिबंध. 1926च्या सुमारास फडक्यांनी ‘रत्नाकर’मधून गुजगोष्टी सुरू केल्या. कणेकरांची ‘पिकली पाने’ 1934 साली आली, खांडेकरांच्या ‘वायुलहरी’ 1936 साली. त्यानंतर दीड तप महाराष्ट्रातला प्रत्येक प्राध्यापक छत्री, चष्मा आणि हरवलेली किल्ली यांवर लिहीत होता. विषय वेगवेगळे, पण माणूस सगळीकडे तोच, तृप्त आणि किंचित खोडकर. कंटाळा तिथून आला. विविध विषयांवर लिहायला विविध अनुभव घ्यावे लागतात, हे त्या मंडळींपैकी पुष्कळांच्या ध्यानात आले नाही. या काळाबद्दल अधिक माहिती हवी असेल त्यांनी परीक्षेची गाइडे पाहावीत.

या साच्यातून गद्य सोडवले ते दोन बायकांनी. इरावती कर्व्यांच्या ‘परिपूर्ती’त, 1949 साली, मानववंशशास्त्र आणि घरातली आई एकाच परिच्छेदात नांदतात आणि दोघांनाही अडचण होत नाही. दुर्गा भागवतांनी 1956च्या ‘ऋतुचक्रा’त बारा महिने घेतले. 1970च्या ‘पैस’मध्ये नेवाशाचा तो खांब घेतला, ज्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली असे आम्ही गोदाकाठचे लोक मानतो. त्या खांबापासून दुर्गाबाई कुठवर जातात ते वाचणाऱ्याने वाचावे. बाईंना लोकसाहित्याच्या अभ्यासक म्हणा, बौद्ध वाङ्मयाच्या म्हणा, पाककलेच्या म्हणा. ‘तुमचा विषय कोणता?’ हे त्यांना विचारायची छाती कोणाची झाली नसती. मुंबईकडे तेंडुलकरांची ‘रातराणी’ आणि ‘कोवळी उन्हे’, ‘ललित’ मासिकात दळवींचा ठणठणपाळ, हेही याच घरचे. पण त्यांच्यावर पुष्कळ लिहून झाले आहे, त्यांना माझी गरज नाही.

आता आमच्याकडे येतो, आणि इथे मी घाई करणार नाही.

मराठवाड्यात या लेखनाला वेगळे कारण होते. निजामाच्या राजवटीत मराठीतून मोकळे लिहायची मारामार. आ. कृ. वाघमाऱ्यांनी 1938 साली ‘मराठवाडा’ पत्र काढले ते राज्याबाहेरून, आणि बंदी आली की नाव बदलून. अशा मुलखात तज्ज्ञ कुठून आणणार? जो चार अक्षरे लिहू शके त्याला शेतीवरही लिहावे लागे आणि संगीतावरही, कारण त्याने लिहिले नाही तर कोणीच लिहिणार नव्हते. परभणीत बांधकाम खात्यात कारकुनी करत बी. रघुनाथ कविता, कथा, कादंबऱ्या लिहीत होते आणि मधूनच ललित लेखही. ‘अलकेचा प्रवासी’ आज किती जणांनी वाचले आहे? हा माणूस 1953 साली ऐन चाळिशीत गेला. पुण्या-मुंबईच्या लघुनिबंधकारांसारखे निवांतपण त्याच्या वाट्याला आले नाही, आणि त्याच्या गद्यात ते आहेही असे नाही. त्यात एक घुसमट आहे, ती कोणत्याच विषयात मावत नाही म्हणून सगळ्या विषयांत सांडते.

सेतुमाधवराव पगडी निलंग्याचे. सरकारी अधिकारी म्हणून जिथे बदली झाली तिथली भाषा शिकले. गोंडी, कोलामी, उर्दू कविता, मोगल दरबाराची बातमीपत्रे, शिवकाल, पुढे महाराष्ट्राची गॅझेटिअरे. इतिहासकार त्यांना इतिहासकार म्हणतात, उर्दूवाले उर्दूचे म्हणतात. दोघेही त्यांचे अर्धेच पुस्तक वाचतात.

आणि अनंतराव भालेराव. वैजापूर तालुक्यातल्या खंडाळ्याचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामातले आघाडीचे कार्यकर्ते, आणीबाणीत तुरुंगवास भोगलेले संपादक. 15 ऑगस्ट 1968 पासून ‘मराठवाडा’ दैनिक झाला आणि औरंगाबादहून पहिल्या एस.टी.ने तो वेरुळात येऊ लागला. गठ्ठा बसच्या टपावरून खाली टाकला की स्टँडसमोरच्या हॉटेलात तो सोडायचा मान हॉटेलवाल्याचा. त्याला वाचता येत नव्हते. मी शाळेत नुकताच नोकरीला लागलो होतो, तेव्हा मोठ्याने वाचण्याचे काम माझे. आधी बाजारभाव, मग जाहीर नोटिसा, कारण त्यांत कोणाची जमीन निघते याची सगळ्यांना उत्सुकता, आणि मग अग्रलेख. अनंतरावांचा अग्रलेख पाणीप्रश्नावर असला तरी त्यात एखादी म्हण यायची, एखादा गेलेला कार्यकर्ता यायचा, तुकाराम यायचा आणि शेवटी कुठल्या तरी मंत्र्याची कानउघाडणी. कपबशी तशीच हातात धरून माणसे ऐकत.

त्यांच्या पुस्तकांची नावे पाहा : ‘कावड’, ‘मांदियाळी’, ‘पळस गेला कोकणा’, ‘आलो याचि कारणासी’. ज्याला विषयाचे नाव देता येत नाही तो संतांकडे आणि म्हणींकडे जातो, असे एक टीकाकार हिणवून म्हणाले होते. जाईना का. ‘कावड’मधले लेख मी सलग वाचले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. अनंतराव कधीच सुरुवातीला सांगत नाहीत की आज कशावर बोलणार. दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदापर्यंत वाचणाऱ्याला वाटते हे घरगुती चालले आहे, आणि मग कळते की गोष्ट सगळ्या प्रदेशाची होती. हे कसब आहे. भरकटणारा लेखक कुठेही जातो. असा लेखक वाटेत थांबतो, पण गाव त्याला ठाऊक असते. ‘मराठवाडा’ बंद पडून आता पुष्कळ वर्षे झाली आणि तशी जागा पुन्हा कोणी दिली नाही.

नरहर कुरुंदकरांचे नाव या यादीत पाहून काही जण भुवया उंचावतील. कुरुंदकर विचारवंत, त्यांना ललितवाल्यांच्या पंगतीत कसे बसवता? मी पंगत ललितवाल्यांची मांडलेलीच नाही. नांदेडला आधी शाळामास्तर, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य. ‘रूपवेध’मध्ये सौंदर्यशास्त्र, ‘धार आणि काठ’मध्ये मराठी कादंबरी, ‘जागर’ आणि ‘शिवरात्र’मध्ये राजकारण आणि धर्म, शिवाय मनुस्मृती, भरताचे नाट्यशास्त्र, गाणे. रणजित देसाईंनी ‘श्रीमान योगी’ लिहिली तेव्हा कुरुंदकरांनी त्यांना शिवाजी महाराजांविषयी एक लांबलचक पत्र लिहिले आणि तेच 1968 साली कादंबरीला प्रस्तावना म्हणून छापले गेले. ती प्रस्तावना कादंबरी न वाचणारेही वाचतात. इतिहासाची पदवी नसलेला मराठीचा मास्तर हे लिहितो आणि इतिहासाचे प्राध्यापक त्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घालतात. 10 फेब्रुवारी 1982 रोजी औरंगाबादेत, संगीताच्या एका कार्यक्रमात, व्यासपीठावरच ते गेले. वय एकोणपन्नास. दुसऱ्या दिवशी पेपर वाचताना माझा आवाज फुटेना, तेव्हा हॉटेलवाल्याने विचारले, “हे सर कशाचे होते?” त्याला काय सांगायचे ते मला त्या दिवशी सुचले नाही, आणि विद्यापीठांना अजून सुचलेले नाही.

माझ्या स्वतःच्या लिहिण्याबद्दल थोडे सांगितले तर संपादक कापणार नाहीत अशी आशा आहे. जिल्ह्याच्या एका पत्रात मी बरीच वर्षे रविवारचे सदर लिहिले. मालोजीराजांच्या गढीवर लिहिले, घृष्णेश्वराच्या श्रावणातल्या गर्दीवर लिहिले, खुलताबादच्या उरुसातल्या खाजावर लिहिले. अकरा नंबरच्या लेण्यावर लिहिले, ज्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘दोन ताल’ म्हणत आले. 1876 साली गाळ उपसल्यावर तळाशी तिसरा मजला निघाला, तरी नाव दोनच तालांचे राहिले. पण लोकांनी सर्वांत जास्त पत्रे पाठवली ती कागजीपुऱ्याच्या लेखावर.

दौलताबादहून खुलताबादकडे येताना रस्त्यावर कागजीपुरा लागतो. हातकागदाचे जुने गाव. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एक म्हातारे कारागीर हौदाच्या काठावर बसून लगद्यात चौकट बुडवत होते. चौकट तिरपी आत घालायची, आडवी करून उचलायची आणि पाणी निथळताना दोनच झटके द्यायचे, एक पुढे, एक बाजूला. तिसरा दिला तर कागद एका अंगाला जाड. ताव उचलून ते एकावर एक रचत, आणि वाळायला चुन्याच्या भिंतीवर चिकटवत. मी विचारले, हा कागद कशासाठी? म्हणाले, “पहिले सनदा लिहायचे, नंतर वह्या, आता लग्नाच्या पत्रिका. कागदाला काय, तो विचारत नाही.” हा लेख हस्तोद्योग या सदरात बसतो की इतिहास या सदरात, असे आज कोणी मला विचारले तर मी उत्तर देणार नाही.

विचारतात मात्र. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या पत्राच्या पुरवणी संपादकांचा फोन आला. तरुण, अदबशीर मनुष्य. “सर, आपल्याला सदर सुरू करायचंय. तुमचा विषय कोणता?” मी म्हटले, वेरूळहून जे दिसेल ते. म्हणाले, “म्हणजे हेरिटेज?” मी म्हटले, हेरिटेज, आणि शेजारच्याची म्हैस. ते हसले आणि म्हणाले, “वाचकाला कन्फ्यूज होतं, सर.” त्यांनी चारशे शब्दांत एका लेण्याची माहिती मागितली, तिकीट आणि वेळापत्रकासह. ते काम आमच्या गाइड मंडळींपैकी कोणीही माझ्यापेक्षा चांगले केले असते, तसे मी त्यांना सांगितले.

पुरवण्या आज उघडून पाहा. सोमवारी आरोग्य, मंगळवारी गुंतवणूक, बुधवारी शेती, शनिवारी खाद्यभ्रमंती. प्रत्येक जण आपल्या कप्प्यात. डॉक्टरांना कविता आवडत असेल तर त्यांनी ती घरी वाचावी. इथे येणाऱ्या सहलींसारखे झाले आहे हे. बस थांबते, तास-दीड तास मिळतो, सगळे सोळा नंबर गाठतात, फोटो काढतात आणि परत. डोंगराच्या त्या अंगाला चौतीस लेणी आहेत, बौद्ध, हिंदू, जैन अशी सलग रांग आहे आणि पावसाळ्यात ‘सीतेच्या न्हाणी’पाशी धबधबा कोसळतो, हे त्यांना गेटवर परत येताना फलकावरून कळते. बरे, सोळा नंबरही नीट पाहिले असते तर लक्षात आले असते की त्याच्या एका अंगाला रामायण कोरले आहे, दुसऱ्या अंगाला महाभारत, खाली रावण पर्वत हलवतो आहे, आणि कधीकाळी सगळ्यावर रंग होता म्हणून जुने लोक त्याला रंगमहाल म्हणत. आलाच शेवटी कैलास लेखात. असो.

सगळेच बुडाले असेही नाही, नाहीतर मी म्हातारा झालो एवढाच अर्थ निघेल. नांदेडच्या कविता महाजनांनी ‘ग्राफिटी वॉल’मध्ये स्वतःला, घराला, पुस्तकांना आणि रस्त्यावरच्या माणसांना एकत्र घेतले, कोणाची परवानगी न विचारता. 2018 साली त्या गेल्या, आणि या वाटेवरचे एक धीट माणूस कमी झाले. परभणीकडच्या आसाराम लोमटे यांचे ‘धूळपेर’ शेतीवरचे म्हणून ओळखले जाते, पण त्यात भाषा आहे, बाजार आहे, गावातले राजकारण आहे. शेती हा तिथे विषय नाही, जागा आहे. तंबी दुराईसारखे उपहासकार टिकले, कारण विनोदाला अजून कोणी विषय विचारत नाही. पण यांच्यामागून येणारी पोरे? ती चांगली लिहितात, आणि पहिल्या लेखाबरोबरच आपले ‘क्षेत्र’ कळवतात. अनुभवाआधी क्षेत्र ठरते आहे. लोकहितवादींनी पहिल्या पत्राआधी क्षेत्र ठरवले असते तर एकशे आठवे पत्र आलेच नसते.

यंदा उन्हाळ्यात एका प्रकाशकांनी माझ्या जुन्या सदराचे पुस्तक करायची तयारी दाखवली. अट एक : विषयवार विभाग पाडा, लेणी, देवस्थान, लोकजीवन असे, आणि जे कशातच बसत नाही ते गाळा. महिनाभर मी कात्रणे जमिनीवर पसरून बसलो. नातीने तीन ढीग करून दिले. चौथा ढीग, ‘कशातच नाही’ असा, पहिल्या तिन्हींपेक्षा मोठा झाला. तेव्हा मी चारही ढीग एकत्र केले आणि प्रकाशकांना कळवले, की क्रम तारखेचा राहील. त्यात कागजीपुरा येतो तो विहिरीतल्या कासवाच्या आणि शाळेच्या गळक्या छपराच्या मध्ये, ‘दोन ताल’च्या पाठोपाठ माझी दाढदुखी येते, आणि अनुक्रमणिका नुसती तारखांची आहे. त्यांचे उत्तर अजून यायचे आहे.